बोलकी पाटी कुणाची

नागप्पाचा फोन गोठ्यातल्या हौदात पडला आणि त्याच्या मुलीची वाचा गेली.

इंद्रायणीबाईंना हे कळलं गुरुवारी. सोलापुरात सात रस्त्याच्या पुढं बोलता न येणाऱ्या मुलांची एक शाळा आहे. तिथं त्या सहा वर्षांपासून शिकवत होत्या. गुरुवार हा बाहेरगावच्या मुलांचा. माळशिरसपासून दुधनीपर्यंतचे आईबाप आठवड्यातून एकदा आपापली मुलं घेऊन यायचे आणि दुपारपर्यंत व्हरांड्यात डबे सोडून बसायचे. दुधनीचा नागप्पा सहसा गुरुवार चुकवायचा नाही. तिथल्या मार्केट यार्डात तो तोलार होता, म्हणजे पोत्यांचं वजन करायचं काम. पण गुरुवारी काटा दुसऱ्याच्या हवाली करून तो सकाळच्या गाडीनं निघायचा, सोबत अकरा वर्षांची शिवलीला.

शिवलीलेला ऐकू नीट यायचं आणि समज तर चौघांना पुरेल इतकी होती. घरात कानडी, शाळेत मराठी, दोन्ही भाषा कानात पक्क्या. फक्त जीभ आणि ओठ तिचं ऐकत नसत. म्हणून ती ‘बोलकी पाटी’ वापरायची. हे एक ॲप होतं. फोनवर चित्रांचे चौकोन दिसायचे, बोट लावलं की फोन तिच्या वतीनं बोलायचा. एका चौकोनात ‘मला पाणी पाहिजे’, शेजारच्यात तेच कानडीत, ‘नीरु बेकु’. काही चौकोन रिकामे ठेवलेले असत, त्यांत घरच्यांनी आपल्या आवाजात हवं ते भरायचं. शिवलीलेचा लाडका चौकोन होता ‘साकु’, म्हणजे पुरे. ताटात भात वाढताना ती तो दाबायची, गणितं फार झाली की दाबायची आणि बाप कुणाशी बोलत फार वेळ उभा राहिला की त्याच्या कानाशी फोन नेऊन दाबायची.

ही पाटी फोनमधल्या नेहमीच्या दुकानात मिळत नसे. नऊ वर्षं ती हातोहात फिरत आली होती. या फोनवरून त्या फोनवर फाइल पाठवायची, उघडायची, झालं काम. फोन एकदा विचारायचा, अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, घेऊ का? हो म्हटलं की घ्यायचा.

नागप्पाच्या नव्या फोननं मात्र घेतलं नाही. बाईंनी दोनदा फाइल पाठवून पाहिली. दोन्ही वेळा पडद्यावर तेच आलं: या ॲपच्या निर्मात्याची ओळख पटलेली नाही, तुमच्या सुरक्षिततेसाठी ते बसवता येणार नाही. नवा नियम येतोय हे बाईंनी ऐकलं होतं. ॲप कुठूनही घ्या, पण ते बनवणाऱ्यानं आपलं नाव, पत्ता आणि ओळखपत्र देऊन नोंद केलेली असली पाहिजे. आडवाट एक होती. सेटिंगमध्ये खोल जाऊन एक खटका चालू करायचा, फोन दोनचार प्रश्न विचारतो, बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि एक दिवस थांबवून मग परवानगी देतो. बाईंनी नागप्पाला शेजारी बसवून त्या वाटेनं नेलं.

पहिलाच प्रश्न आला, ‘हे करण्यास तुम्हाला कोणी सांगत आहे का?’ खाली दोन उत्तरं, होय आणि नाही.

नागप्पानं अक्षरं लावत प्रश्न वाचला आणि बाई काही म्हणायच्या आत ‘होय’वर बोट ठेवलं. फोननं सगळं बंद केलं. पडद्यावर आलं, थांबा, विश्वासातल्या माणसाचा सल्ला घ्या.

“विश्वासातलं माणूस म्हंजे तुमीच की,” नागप्पा म्हणाला.

बाईंना हसू आलं. त्यांनी समजावलं, की या प्रश्नाला नाही म्हणायचं असतं, नाहीतर पुढं जाता येत नाही. नागप्पानं फोन मांडीवर उलटा ठेवला. 

“बाई, त्यो माणूसबी असंच म्हणला हुता. फोन काय का विचारंना, मी सांगतो ते दाबा.”

हे प्रकरण बाईंना माहीत होतं. आदल्या वर्षी नागप्पाला एका पाहुण्याच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली होती. पत्रिका उघडेना म्हणून त्यानं विचारणा केली, तर एका गोड आवाजाच्या माणसाचा फोन आला. फोन धोका आहे म्हणत होता, माणूस काही होत नाही म्हणत होता. नागप्पानं माणसाचं ऐकलं. ती पत्रिका नव्हतीच, पत्रिकेच्या नावाचं ॲप होतं. संध्याकाळपर्यंत बँकेतलं सगळं गेलं आणि पुढचे चार गुरुवार शिवलीलाही आली नाही, कारण गाडीभाडं नव्हतं. त्यानंतर त्यानं बायकोसमोर कबूल केलं होतं, की फोननं विचारलं की खरं तेच सांगायचं.

बाईंना वाटलं असतं तर त्यांनी फोन हातात घेऊन स्वतःच ‘नाही’ दाबलं असतं. नागप्पानं अडवलं नसतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर बाकीची घरं आली. बोलकी पाटी वापरणारी चाळीसेक कुटुंबं होती. आज ना उद्या सगळ्यांचे फोन बदलणार. म्हणजे चाळीस घरांतल्या भोळ्या माणसांना समोर बसवून त्या शिकवणार, की फोननं ‘कुणी सांगतंय का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणून सांगा. मग पुढचा गोड आवाजाचा माणूस येईल तेव्हा त्याचं निम्मं काम शाळेनंच करून ठेवलेलं असेल. नियम जाचक होता, पण मूर्खपणाचा नव्हता, हे त्यांना पटत होतं आणि पटतंय याचा त्रासही होत होता.

त्यांनी नागप्पाला सांगितलं, आठपंधरा दिवस द्या, ज्यांनी पाटी बनवली त्यांच्याकडूनच नोंद करून घेते. तोवर चित्रांचा एक कागदी तक्ता करून दिला. शिवलीलेनं तो घेतला, पाहिला आणि बाकावर पालथा घातला.

पाटी बनवणाऱ्याचं नाव शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. कार्यालयात, मुख्याध्यापिकेच्या खुर्चीमागं, चौकटीत बसवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण होतं. ‘प्राध्यापकाच्या कल्पकतेनं मुलांना मिळाली वाचा’. खाली फोटो, तंत्रनिकेतनातले सिद्धलिंग सर हार घालून उभे. सर आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहत होते. शाळेनं कधी बोलावलं तर यायचे, मुलांना खाऊ आणायचे. पाटीत काही अडलं तर मात्र म्हणायचे, जुनं काम आहे, आता हात लावला तर बिघडेल.

बाईंनी त्यांना फोन केला. सगळं ऐकून सर म्हणाले, करू की, त्यात काय. बाईंनी नोंदणीचा दुवा पाठवला. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाले, आधारची प्रत सापडत नाही. पुढच्या वेळी नेट नव्हतं. त्यानंतर डोळ्याला चष्मा नवा होता. दुसरा गुरुवार गेला.

त्या गुरुवारी शिवलीला नवा फोन घेऊन आली आणि बाईंना एकामागून एक फोटो दाखवायला लागली. रिकामा तांब्या. शाळेच्या मोरीचं बंद दार. बापाची चप्पल. बाईंना हळूहळू उलगडलं. तांब्या म्हणजे तहान लागली होती. चप्पल म्हणजे घरी जाऊया. मुलीनं आपली आपण भाषा काढली होती, पण ज्या गोष्टीचा फोटो निघतो तेवढीच ती बोलू शकत होती. ‘पुरे’चा फोटो तिला सापडला नव्हता. गावच्या शाळेत तिच्यावर एक खोटा आळ आला होता, की तिनं दुसऱ्या मुलीची वही फाडली. तिनं वहीचा फोटो काढून दाखवला, तर सगळ्यांनी तो कबुलीच समजला. हे नागप्पानं सांगितलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई रिक्षा करून जुळे सोलापुरात सरांच्या घरी गेल्या. उन्हं अजून कडक होती. दार सरांच्या पत्नीनं, वच्छलाकाकूंनी उघडलं. काकू मूळच्या अक्कलकोटच्या. पाटीतला कानडी आवाज त्यांचाच होता, त्यामुळं त्या बोलल्या की बाईंना नेहमी फोनच बोलतोय असं वाटे. सर टेबलाशी बसले होते. संगणक चालू होता आणि पडद्यावर तोच नोंदणीचा फॉर्म होता. नाव भरलेलं, पत्ता भरलेला, ओळखपत्र जोडलेलं. शेवटच्या ओळीपुढचा चौकोन तेवढा मोकळा होता. ती ओळ होती, ‘हे ॲप माझे आहे.’

बाईंनी विचारलं, की एवढंच राहिलंय तर अडलंय कुठं?

सरांनी किल्ली लागते असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. प्रत्येक ॲपला बनवणाऱ्याची एक गुप्त फाइल असते, तिला किल्ली म्हणतात. ती असल्याशिवाय ॲप आपलं असल्याचं सिद्ध होत नाही. नवी किल्ली करून तीच पाटी पुन्हा बनवता येईल, पण मग जुने फोन तिला ओळखणार नाहीत. जुनी पाटी काढावी लागेल आणि घराघरांत लोकांनी भरलेले आवाज पुसले जातील. बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि किल्ली कुठं आहे म्हणून विचारलं. सर पडद्यावरचा फॉर्म वरखाली सरकवायला लागले.

“सांगून टाका की एकदा,” वच्छलाकाकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “नऊ वर्षं झाली.”

मग सरांनी सांगितलं. सांगताना ते बाईंकडं बघत नव्हते, फॉर्मकडं बघत होते.

पाटी आशिष नावाच्या विद्यार्थ्यानं बनवली होती. टेंभुर्णीचा मुलगा, शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या थोरल्या बहिणीला बोलता येत नव्हतं आणि तिच्यासाठी त्यानं ती लिहायला घेतली होती. सरांनी त्याला प्रयोगशाळा वापरू दिली, शब्दांची यादी करून दिली, कानडीची कल्पना दिली. आवाज याच घरात, याच खोलीत, पंखा बंद करून भरले. त्या महिनाभरात आशिष बहुतेक दिवस इथंच जेवायचा. मग प्राचार्यांनी वरती कळवलं ते मार्गदर्शक म्हणून सरांच्या नावानं. सत्कार ठरला. वर्तमानपत्रानं मार्गदर्शक हा शब्द गाळला. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम झाला तेव्हा आशिष बहिणीला घेऊन तिसऱ्या रांगेत बसला होता. सर भाषणात त्याचं नाव घेणार होते, कागदावर लिहिलंही होतं. पण आधीच्या वक्त्यांनी सरांची इतकी स्तुती केली, की मध्येच ते नाव घेणं अवघड वाटलं.

“मी खोटं काही बोललो नाही, मॅडम,” सर म्हणाले. “खरं सांगायचं राहून गेलं. मग मी ते राहू दिलं.”

आशिष भांडला नाही. पेढे घेऊन पाया पडून गेला आणि त्यानंतर आला नाही. किल्ली त्याच्याकडं होती. सरांकडं होती ती फक्त फाइल, तीच त्यांनी शाळेला दिली होती.

बाईंना काय वाटलं ते त्यांना तेव्हा नीट कळलं नाही. राग आला असावा, पण समोरचा माणूस रागावण्यासारखा उरला नव्हता. त्यांना एवढंच सुचलं, की आशिषचा नंबर मागावा. सर म्हणाले, मी लावतो. त्यांनी तीनदा फोन लावला. तीनही वेळा वाजून थांबला. शेवटी त्यांनी एक लांब मेसेज लिहिला. लिहायला त्यांना अर्धा तास लागला, मध्ये काकूंनी चहा आणून ठेवला तो निवला. मेसेजच्या शेवटी त्यांनी बाईंचा नंबर दिला. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर यांच्याशी बोल, असं लिहिलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाईंना हैदराबादहून फोन आला. आवाज तिशीच्या आसपासच्या माणसाचा होता, घाई नसलेला. त्यानं आधी कामाचं विचारलं. किती फोन, कुठलं कुठलं मॉडेल, पडद्यावर नेमकं काय आलं. पाटी अजून कुणी वापरतं हे त्याला माहीतच नव्हतं. चाळीस घरं म्हटल्यावर त्यानं आकडा पुन्हा विचारला. किल्ली आहे, म्हणाला, जपून ठेवलीय, कारण ताई अजून वापरते. तिचा फोनही म्हातारा झालाय, आज ना उद्या हे तिच्यासाठीही करावंच लागणार होतं.

मग त्यानं विचारलं, “सरांनी स्वतःच का नाही भरला फॉर्म? नवीन किल्ली करून भरता आला असता त्यांना.”

“सगळा भरला होता,” बाई म्हणाल्या. “‘हे ॲप माझे आहे’ तिथं येऊन थांबले. मला म्हणाले, हे माझं नाही.”

 बाईंनी फोन कानाला धरून ठेवला.

“आणि काकू?” त्यानं विचारलं.

काकू बऱ्या आहेत असं बाईंनी सांगितलं. त्यावर तो बरं म्हणाला आणि काम करतो असं म्हणाला. सरांना काही सांगू का विचारल्यावर म्हणाला, नको.

नोंदणी व्हायला बारा दिवस लागले. एकदा त्याच्या ओळखपत्रावरचं आणि फॉर्मवरचं नाव जुळेना म्हणून अर्ज परत आला. शिवाय जुनं काम नव्या फोनवर चालावं म्हणून त्याला रात्री जागून बरंच बदलावंही लागलं, हे त्यानं नंतर सहज सांगितलं. एका बुधवारी फाइल आली. गुरुवारी नागप्पाच्या फोननं ती विनातक्रार घेतली. ना खटका, ना तो प्रश्न. फक्त बनवणाऱ्याचं नाव दाखवलं. नागप्पानं ते वाचलं, हा कोण म्हणून विचारलं. बाईंनी सांगितलं, ज्यानं बनवलं तो. नागप्पा मान हलवून चौकोनांत पुन्हा आपला आवाज भरायला बसला. हौदात गेलेलं सगळं त्याला आठवेना, पण शिवलीला शेजारी उभी राहून चित्रं दाखवत होती आणि राहिलेलं त्याच्याकडून वदवून घेत होती. वहीचं प्रकरण तिनं दुसऱ्याच दिवशी गावच्या शाळेत निस्तरलं म्हणे. कसं, ते नागप्पालाही पुरतं कळलं नव्हतं. गुरुजींना तिनं सात चौकोन ओळीनं दाबून दाखवले, एवढंच त्याला ठाऊक होतं.

सिद्धलिंग सर त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन आले. नऊ वर्षांपूर्वीची बातमी दुरुस्त करायची म्हटल्यावर तिथला तरुण वार्ताहर गोंधळला, त्यांना पाणी दिलं आणि बघतो म्हणाला. काही छापून आलं नाही. मग सरांनी बाईंना विचारलं, की पालकांच्या सभेत पाच मिनिटं मिळतील का.

सभा महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी दोन वाजता होती. पंखे गरगरत होते. सतरंजीवर वीसपंचवीस पालक बसले होते, मुलं व्हरांड्यात. सर उभे राहिले. कागद न घेता बोलले. पाटी आशिषनं बनवली, आपण नाही. सत्कार आपण घेतला तो त्याचा होता. हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. एवढं बोलून ते थांबले, पुढं काय होतं याची वाट बघत.

पुढं फारसं काही झालं नाही. कुणी कुजबुजलं नाही की कुणाची मान खाली गेली नाही. हे लोक दोनदोन, तीनतीन तास प्रवास करून आले होते आणि कुणाचा सत्कार कुणी घेतला याचं त्यांना देणंघेणं नव्हतं. मोहोळकडची एक बाई हात वर करून उभी राहिली.

“मग आता पाटी बिघडली तर फोन कुणाला करायचा?”

सरांनी इंद्रायणीबाईंकडं पाहिलं.  बाईंना वाटलं, याचं उत्तर यांचं यांनीच दिलेलं बरं.

“त्याचं काम तो करतोय, तिकडून,” सर म्हणाले. “तुमच्या फोनमध्ये काही अडलं तर मला करा. गुरुवारी मी इथं येऊन बसत जाईन, दहापासून. घरी यायला लागलं तर घरी येईन.”

त्यांनी फळ्यावर आपला नंबर लिहिला. पालकांनी तो उतरून घेतला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फळ्याचा फोटो काढला. मग मुख्याध्यापिकेनं गणवेशाचा विषय काढला. कापड यंदा कुठल्या दुकानातून घ्यायचं यावर सभा तासभर चालली.

आशिष त्या दिवाळीला टेंभुर्णीला आला होता, सोलापूरला आला नाही. बाईंशी त्याचं कामापुरतं बोलणं व्हायचं. एकदा त्यानं वच्छलाकाकूंच्या आवाजात काही नवे कानडी शब्द भरून पाठवता येतील का, असं विचारलं. बाईंनी यादी सरांकडं दिली. सरांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि उठून पंखा बंद केला.